क्लच बदलल्यावर गाडी सेल्फ घेईना? बॅटरी घ्यायच्या आधी हे बघा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २०१३ ची वॅगनआर पेट्रोल, ७८ हजार किलोमीटर झालेली, दहा दिवसांपूर्वी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला. चौथ्या दिवसापासून सकाळी किल्ली फिरवली की नुसता 'टक्' असा एकच आवाज येतो, सेल्फ (म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) घेत नाही, पाच-सहा वेळा केलं की मग एकदम झटक्यात चालू होते जणू काही झालंच नव्हतं. परवा पेट्रोल पंपावर तर घेतलीच नाही, धक्का मारावा लागला. गॅरेजवाला म्हणतो बॅटरी गेली (ती १४ महिन्यांची आहे), वायरिंगवाला म्हणतो सेल्फ खोलावा लागेल. आणि अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की नवीन क्लच पहिले दोन दिवस लोण्यासारखा होता, आता कडक लागतोय, पण ते नंतर बघू.

ते नंतर नाही बघायचं भाऊ, माझ्या हिशोबाने तुमच्या प्रश्नातली कामाची ओळ तीच आहे. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

ही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिन आडवं बसवलेलं. क्लच प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे असते त्यामुळे ती बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, दुसरा रस्ता नाही. आणि गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे काय काय काढावं लागतं बघा: बॅटरी आणि तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा आणि त्याचा पाइप, सेल्फ, सेल्फची जाड वायर आणि बारकी वायर, रिव्हर्स लाइटच्या स्विचचा कपलर (वायर जोडायचा प्लग), स्पीड सेन्सरचा कपलर, गिअरच्या केबल, क्लचची केबल, दोन्ही एक्सल, माउंटिंग, आणि बॅटरीच्या निगेटिव्हवरून येऊन गिअरबॉक्सच्या अंगावर बोल्टने आवळलेली अर्थिंगची वायर. यातल्या निम्म्या गोष्टी थेट गाडी चालू होण्याशी संबंधित आहेत. म्हणून क्लच झाल्यावर आठवड्याभरात स्टार्टिंगचा त्रास सुरू झाला तर मी आधी काही विकत आणायला सांगत नाही, मी विचारतो की त्या दिवशी काय काय काढलं होतं, आणि ते एकेक करून बघतो. १४ महिन्यांची बॅटरी नेमकी त्याच आठवड्यात मरेल असं होऊ शकतं, नाही असं नाही, पण मी पैज लावणार नाही.

आता पहिली टेस्ट, फुकटची, आज रात्रीच करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावून, हेडलाइट चालू करा, समोर भिंत असेल तर उत्तम, आणि भिंतीवरच्या उजेडाकडे बघत सेल्फ मारा. उजेड एकदम मरगळून पिवळा झाला, विझल्यासारखा झाला तर बॅटरी खाली आहे किंवा बॅटरीच्या टर्मिनललाच लोचा आहे. पण उजेड जवळपास तसाच राहिला आणि सेल्फचं नुसतं टक् झालं तर करंट सेल्फच्या मोटरपर्यंत पोचतच नाहीये, बॅटरीला दोष देऊ नका. ही टेस्ट चालते कारण निगेटिव्हवरून साधारण दोन फाटे निघतात, एक बॉडीला आणि एक गिअरबॉक्स-इंजिनला. लाइट बॉडीच्या फाट्यावर चालतात, सेल्फ गिअरबॉक्सच्या फाट्यावर. दुसरा फाटा ढिला असला तरी लाइट, हॉर्न, टेप सगळं झकास चालतं आणि माणूस म्हणतो बॅटरी तर चांगली आहे मग सेल्फच गेला.

एक साधा हिशोब घ्या. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरायला लागताना शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. अर्थिंगच्या जोडात घाणीमुळे फक्त ०.०२ ओहम अडथळा आला तर १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट तिथेच जळून जातात. बॅटरी स्वतः पण लोडखाली साडेदहा-अकरावर येते, त्यातून हे ३ गेले की सेल्फला जेमतेम साडेसात-आठ मिळतात. एवढ्यावर सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो, म्हणून तो टक् आवाज, पण मोटर काही फिरत नाही. आणि त्याच जोडातून हेडलाइटचा एक बल्ब लावला असता तर तो जेमतेम ५ अँपिअर घेतो, म्हणजे ०.१ व्होल्ट कमी, डोळ्याला कळणार पण नाही. म्हणून टेस्ट लॅम्प लावून 'अर्थ येतोय की' असं म्हणणाऱ्या वायरिंगवाल्यावर विश्वास ठेवू नका, टेस्ट लॅम्प तर हेडलाइटपेक्षाही कमी खातो.

आता क्लच कडक होण्याचं. करंटला परत बॅटरीच्या निगेटिव्हला जायचं असतंच, मोठा रस्ता बंद असला की तो गल्लीबोळ शोधतो. गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत धातूचा धातूला लागलेला दुसरा रस्ता कोणता? क्लचची केबल. एक टोक गिअरबॉक्सवरच्या फोर्कला (क्लच दाबणाऱ्या दांड्याला), दुसरं टोक पेडलला म्हणजे बॉडीला, मधे पोलादी तार. इंजिन माउंटिंगला रबर असतं, ते करंट सोडत नाही. मग सेल्फ मारला की ती बिचारी बारीक तार शंभर अँपिअरचा भार घ्यायला बघते, तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ होऊन तारेला चिकटतं, आणि केबल जड चालायला लागते. तुम्हाला वाटतं नवीन क्लच खराब निघाला.

हे मला कुठल्या पुस्तकातून नाही कळलं, माझ्याच गॅरेजमधे झालंय आणि चूक आमचीच होती म्हणून सांगायला लाज नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलैमधे पाचगणीच्या एका गिऱ्हाइकाची गाडी, रोज पसरणी घाट चढउतार करून क्लच पार कोळसा झालेला, आम्ही सेट टाकून दिली. तिसऱ्या दिवशी फोन, चालू होईना. गेलो, माझी टेस्टची बॅटरी लावली, तेच. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणून शेल्फवरचा दुसरा सेल्फ टाकला, तरी तेच, टक्. मी वैतागून पोराला म्हटलं मार अजून दोन-चार वेळा, तर तो आतून ओरडतो की पेडलखालून जळकट वास येतोय. बॉनेटमधे क्लच केबलला हात लावला आणि चटका बसला, काळं आवरण एका जागी चकचकीत होऊन ओघळल्यासारखं झालेलं. मग अर्थिंगचा बोल्ट बघितला, पाना लावला तर घट्ट! एकदम घट्ट. खोलला तेव्हा कळलं, आमच्या पोराने अर्थिंगच्या वायरची टिकली (टोकाची भोक असलेली गोल चकती) थेट गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियमला न लावता मधे पाइपची एक काळा रंग दिलेली पट्टी घालून आवळली होती, आणि त्या पट्टीखाली गास्केटचा सिलिकॉन पसरलेला. म्हणजे बोल्ट घट्ट आणि जोड मात्र रंगावर आणि रबरावर. जो काही करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांतून. दोन दिवस चालली हेच नवल.

म्हणून हाताने हलवून बघितलं, घट्ट आहे, असं चालणार नाही. मीटर लावा. साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर (वरच्या क्लॅम्पवर नाही, खुंटीवर, कारण कधीकधी खुंटी आणि क्लॅम्पच्या मधेच पांढरी बुरशी असते), लाल काडी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर, जरा खरडून. आता घरातल्या कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. ०.२-०.३ च्या आत आला तर अर्थिंग चांगलं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की जोड खराब. दीड-दोन-तीन दाखवला तर पुढे काही वाचायची गरज नाही, पाना घ्या. फक्त एक, तुमचा त्रास येतोय-जातोय तेव्हा ही टेस्ट नेमकी टक् होत असताना करा, गाडी नीट चालू होते तेव्हा आकडा पण चांगला दिसेल आणि तुम्ही फसाल. सकाळी पहिल्या सेल्फला करा.

मीटर नसेल तर जंपर केबलची काळी दोरी घ्या, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनच्या एखाद्या उघड्या लोखंडी भागाला, इंजिन उचलायचा हुक असतो तो बेस्ट. पॉझिटिव्हला काही लावायचं नाही. असं करून सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला तर निकाल लागला, बॅटरी पण वाचली आणि सेल्फ पण.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. अर्थिंगचा बोल्ट पूर्ण बाहेर काढा, टिकली दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरने घासा, गिअरबॉक्सची जागा चमकेपर्यंत घासा, अॅल्युमिनियमवर पांढरट पावडर धरते ती डोळ्याला नीट दिसत नाही पण ती करंट अडवते. टिकली थेट धातूवर बसवा, पट्टी-बिट्टी असेल ती टिकलीच्या वर. आवळल्यावर बाहेरून थोडं वॅसलीन लावा म्हणजे पावसाळ्यात परत फुलणार नाही. वायरच टिकलीपाशी हिरवी पडलेली असेल, आतल्या तारा तुटलेल्या असतील, तर नवीन अर्थिंग वायर टाका, फार पैशाची चीज नाहीये ती. इंजिनपासून बॉडीला वेगळी एखादी विणलेली पट्टी किंवा वायर असेल तर ती पण बघा, बऱ्याचदा ती तशीच लोंबकळत सोडलेली सापडते.

आणि बॅटरीबद्दल. तुमचा गॅरेजवाला अगदीच खोटं बोलत असेल असं नाही, त्याच्या मीटरला बॅटरी कमी दिसलीही असेल. कारण अल्टरनेटर इंजिनवर बसलेला आहे, त्याचा पण परतीचा रस्ता त्याच अर्थिंगमधून. जोड खराब असला की बॅटरी पूर्ण चार्जच होत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीच्या खुंट्यांवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला पाहिजे, तिथे १३ च्या आसपास येत असेल आणि तेच अल्टरनेटरपाशी इंजिनच्या अंगावर अर्थ धरून मोजलं तर १४ च्या वर, तर मधला फरक वाटेत गळतोय. शिवाय गाडी गॅरेजमधे दोन दिवस दार उघडं ठेवून, आतला दिवा चालू, पोरं गाणी लावून काम करत असतात, बॅटरी उतरते ती तिथेच. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. रिकामी म्हणजे मेलेली नव्हे. आधी अर्थिंग करा, मग चार्जरवर रात्रभर सावकाश चार्ज करा, मग सेल्फ मारताना खुंट्यांवर व्होल्टेज बघा, साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर मग बॅटरीवर संशय घ्या आणि ती अजून वॉरंटीत आहे का ते कार्ड काढून बघा, असेल तर बदलून मिळू शकेल.

अर्थिंग चांगलं निघालं तर? मग त्याच पद्धतीने पॉझिटिव्ह बाजू. एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फवर जाड वायर ज्या खिळ्याला नटाने आवळलेली असते त्या खिळ्यावर, सेल्फ मारताना इथेही अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. हा नट लोक अर्धवट आवळतात कारण हात जात नाही. मग बारकी वायर, सोलेनॉइडची. तिचा कपलर सरकवून बसवायचा असतो आणि कधीकधी बसल्यासारखा दिसतो पण आतली पत्ती बाजूने गेलेली असते किंवा मागे ढकललेली असते. किल्ली फिरवल्यावर त्या बारक्या वायरवर १० च्या वर यायला पाहिजे. बारकी वायर निघाली असेल तर मात्र टक् पण येत नाही, एकदम शांत. तुमच्याकडे टक् येतो म्हणून ही शक्यता मी मागे ठेवली. सेल्फच्या दोन्ही टोकांना, म्हणजे खिळा आणि सेल्फची बॉडी, सेल्फ मारताना १० च्या वर मिळतायत आणि तरी तो फिरत नाहीये, तर मग वायरिंगवाला बरोबर, आतले कॉन्टॅक्ट किंवा कार्बन ब्रश संपले असतील, ७८ हजारला होऊ शकतं. आणि गिअरबॉक्सचं हाउसिंग (बाहेरचं कवच) डिझेलने धुताना सेल्फमधे डिझेल गेलं असेल तरी तो असा रुसतो, हे पण पाहिलंय.

सेल्फ बसवताना अजून एक गंमत होते. दोनच बोल्ट असतात, वरचा अवघड जागी, मग पोरं खालचा आवळतात आणि वरचा दोन आट्यांवर सोडतात. किंवा सेल्फच्या तोंडावर चिखलाचा खडा राहतो आणि तो तिरका बसतो. सेल्फचा अर्थ त्याच्या बॉडीतूनच जातो, त्यामुळे तिथे घाण असली तरी वरचाच खेळ. तिरका असेल तर आवाज पण वेगळा येतो, कर्रर्र करून दात खातो, किंवा 'घ्वीं' करून नुसताच रिकामा फिरतो. असा आवाज येत असेल तर सेल्फ मारत बसू नका, फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाच्या) रिंगचे दात गेले तर परत गिअरबॉक्स खाली.

एक कळकळीने सांगतो, खाली झोपून स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करून बघू नका. व्हिडिओमधे सगळे करतात. गाडी गिअरमधे राहिली असेल तर ती उडी मारते आणि तुम्ही चाकापुढे असता. माझ्याकडच्या एका पोराची करंगळी यात मोडलीय, अजून वाकडीच आहे.

ज्यांच्या गाडीत इंजिन फिरतंय पण पकडत नाही त्यांचा रस्ता वेगळा, त्यांनी अर्थिंगच्या मागे लागून वेळ घालवू नये, एकदा घासून घ्यावं आणि पुढे जावं. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा, थोडा तरी उचलला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत काटा शून्याला चिकटून राहिला की क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय की नाही हे ओळखणाऱ्या सेन्सरवर) बोट ठेवायचं. काही गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या हाउसिंगपाशी, फ्लायव्हीलचे दात मोजत बसलेला असतो, म्हणजे क्लचच्या कामात तो काढतात, हलवतात, त्यावर गिअरबॉक्स आपटतो, टोकाला लोखंडाचा चुरा चिकटतो, नाहीतर कपलर लावायचाच राहतो. काहींत तो पुढे पुलीकडे असतो, त्यांनी तिकडे बघायचं कारण नाही. स्कॅनरवर पी-०३३५ आला तर तोच. नवीन सेन्सर मागवायच्या आधी कपलर उघडून बघा, वायर सायलेन्सरला टेकून वितळली का बघा. इग्निशन ऑन केल्यावर मागून टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा दोन-तीन सेकंद घूं असा हलका आवाज येतो तो येतो का ऐका, नसेल तर फ्यूज बघा, कारण हाउसिंग आणि इंजिनच्या मधे एखादी वायर चेंगरली की फ्यूज उडतो आणि नवीन टाकला की परत उडतो. किल्लीचं चित्र असलेला दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (किल्ली ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा), तो वेगळाच विषय, दुसरी किल्ली वापरून बघा. चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर एअर फिल्टरच्या डब्याचा पाइप निसटलाय का बघा, क्लिप न आवळणं हा राष्ट्रीय छंद आहे. आणि काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ येतच नाही, पेडलवर स्विच असतो, केबल अॅडजस्ट करताना पेडलची उंची बदलली की तो दबत नाही. तिथे पेडल पूर्ण तळाला दाबून बघा.

गॅरेजवाल्याला फोन करण्याआधी एक छोटी गोष्ट करा, रिव्हर्स टाकून मागचा पांढरा दिवा लागतो का आणि चालवताना स्पीडचा काटा हलतो का बघा. दोन्ही गिअरबॉक्सवरचे कपलर आहेत. यातलं एक जरी बंद असेल तर समजा बसवताना घाई झालीय आणि बाकीचंही त्यांनी डोळे झाकून लावलंय, मग गाडी त्यांच्याच रॅम्पवर चढवायला लावा, त्यांच्या कामाचाच भाग आहे हा, पैसे देऊ नका. भांडू पण नका, 'अर्थिंग एकदा खोलून घासून द्या' एवढंच म्हणा आणि समोर उभे राहा.

तुमची धक्का मारल्यावर लगेच चालू होते म्हणजे पेट्रोल, स्पार्क, सेन्सर सगळं ठीक आहे, ते सगळं डोक्यातून काढून टाका. माझा नव्वद टक्के संशय अर्थिंगवर, आणि तो खरा ठरला तर क्लच केबल पण बदलून घ्या, गरम झालेली केबल परत हलकी होत नाही, तेल सोडून उपयोग नाही. ओळखायची कशी, केबल फोर्कच्या बाजूने सोडा आणि हाताने तार आतबाहेर ओढून बघा, गुळगुळीत सरकली तर राहू द्या, मधे कुठे अडकत असेल किंवा आवरण एखाद्या ठिकाणी चमकत, चपटं झालेलं दिसत असेल तर नवीन. पण अर्थिंग आधी, केबल नंतर, उलट केलंत तर नवीन केबल पण दोन दिवसांत भाजून निघेल.